देवालाही ‘अहो’

आजी देवाला ‘अहो’ म्हणायची.

सगळं जग देवाला अरे-तुरे करतं. शेंबडं पोर करतं, चोर करतो, परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडणारा तर फारच करतो. आजीला ते पटायचं नाही. ‘‘ज्याच्यासमोर बसून कधी चहाचा घोट घेतला नाही, त्याला एकदम तू? आपल्याला नाही बाई असलं वळण!’’ आता ज्यांच्यासमोर बसून तिनं घागरभर चहा घेतला होता, त्यांनाही ती अहोच म्हणायची, हा भाग वेगळा. आजोबांना अहो, गिऱ्हाइकांना अहो, मीटर बघायला येणाऱ्या मिसरूड न फुटलेल्या पोराला अहो. दुकानाच्या पायरीवर एक बोका झोपायचा. त्याच्यावरून कपड्यांचं गाठोडं न्यायचं असलं की म्हणायची, ‘‘अहो, उठा जरा. घर आहे की नाही तुम्हाला?’’ बोका उठायचा.

अरे-तुरे फक्त पोटच्या दोन मुलांना. आणि धाकट्याच्या बायकोला, घरातल्या एकुलत्या सुनेला, ‘अगं’. ही सून घरात आली तेव्हा पहिल्याच दिवशी आजीनं तिला विचारलं होतं, ‘‘तुला अगं म्हटलेलं चालेल ना? नाहीतर अहो म्हणते.’’ सून हसली. आजी हसली नाही. ती खरंच विचारत होती.

खाली इस्त्रीचं दुकान, वर राहायच्या खोल्या. दुकानात एक लांबलचक टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीवर पांढरी चादर. त्या टेबलामागे आजी उभी असायची ती दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत. मधे बसलीच तर जेवायला. शर्टाची तिची एक रीत होती. आधी कॉलर. ‘‘कॉलर म्हणजे माणसाचं तोंड. ते चुरगळलेलं असलं की बाकीचं कितीही सरळ करा, माणूस रडकाच दिसतो.’’ मग खांदा, मग बाह्या, मग पुढचे दोन पल्ले, आणि सगळ्यात शेवटी पाठ. पाणी शिंपडायची ते असं, की चार बोटं हवेत उघडल्यासारखी वाटावीत आणि शर्टावर नुसती कुजबुज पडावी. तुम्ही ‘काय म्हणता, बरंय ना?’ विचारून होईपर्यंत शर्ट घडी होऊन समोर यायचा. शाळेचे हेडमास्तर यायचे. त्यांना वाक्याला वाक्य ‘काय आहे ना’ची ठिगळं लावायची सवय होती. ‘‘काय आहे ना, ही पँट जी आहे ना, हिची धार जी आहे ना...’’ एवढ्यात पँट तयार. ‘‘घ्या, धार जी आहे ना, ती ही आहे,’’ आजी म्हणायची. हुबेहूब त्यांच्या आवाजात. हेडमास्तरांना कधी शंका आली नाही.

आजोबा सुतारकाम करायचे. वरच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल, रंधे, करवती, डिंकाचा डबा. पुढची खोली आजीची. मधली लाकडी भिंत त्यांनीच घातलेली, पण हवा खेळावी म्हणून छतापर्यंत न नेलेली. हवेबरोबर आवाजही खेळायचा.

आता आजीच्या प्रार्थनेविषयी. सकाळी उठल्याउठल्या ती खिडकीशी उभी राहून देवाचे आभार मानायची. ते मात्र ओठातल्या ओठात. ‘‘आभार काय ओरडून मानायचे? जाहिरात वाटते.’’ मागणं मात्र संध्याकाळी, दुकान बंद करून वर आल्यावर. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, डोळे मिटायची, आधी थोडं पुटपुटायची, आणि मग गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला हाक मारावी तशा खणखणीत आवाजात सुरू व्हायची. ‘‘अहो, खिडकीची कडी निसटतेय. अहो, धाकट्याची ड्यूटी बदलून मिळेल तर बघा. अहो, माझा गुडघा. तेवढं बघा.’’ देव लांब राहतो, अशी तिची समजूत होती.

आणि देव बघायचा! हीच तर गंमत. कडी दुसऱ्या दिवशी बसलेली असायची. चष्मा ठेवायला डबा मागितला, तर आठवडाभरात आतून मखमल लावलेला डबा. गुडघ्यासाठी मागितलं, तर इस्त्रीच्या टेबलाखाली पाय टेकवायला लाकडी चौरंग. आजी गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायची, ‘‘आमच्या ह्यांना मला काही म्हणून सांगावं लागत नाही. देवच परस्पर बुद्धी देतात.’’ तिकडे आजोबा धाकट्या मुलाला शिकवायचे, ‘‘तुझी आई एकदाच सांगते. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आणायची नसते. आणि काम झालं की शाबासकीची वाट बघायची नसते. ती देत नाही.’’

सून ही दोन्ही वाक्यं रोज ऐकायची, पण ती दोन निरनिराळ्या मजल्यांवर बोलली जात असल्यानं एकमेकांना कधी भेटली नव्हती. संध्याकाळी आजी वर जायची तेव्हा सून खाली गाठोड्यांवर चिठ्ठ्या लावत असायची. एक दिवस दुपारीच वीज गेली, इस्त्री थंड पडली, आणि दोघी लवकरच वर आल्या. सून दोन्ही खोल्यांच्या दारांसमोरच्या बोळात चादरींच्या घड्या घालत बसली. तिथून पुढची खोलीही दिसत होती आणि मागचीही.

आजीनं डोळे मिटले, पुटपुटली, मग आवाज लावला, ‘‘अहो, न्हाणीघराचा नळ ठिबकतोय. जीव खातो माझा.’’

भिंतीपलीकडे आजोबांनी पेन्सिल कानावर खोचली, टेबलाचा खण उघडला आणि पाना काढून बाहेर ठेवला.

सुनेच्या हातातली चादर तशीच राहिली. तिनं इकडे पाहिलं. डोळे मिटलेली आजी. तिकडे पाहिलं. पान्यावर तेल सोडणारे आजोबा. मग तिनं चादरीचा बोळा करून तोंडात कोंबला, कारण हसू आलं असतं तर ते दोन्हीकडे पोचलं असतं. म्हणजे इतकी वर्षं ही बाई देवाला सांगत होती, आणि हा माणूस ‘बायकोनं काम सांगितलं’ म्हणून उठत होता! पुटपुटणं संपलं की देवाचं संपलं, पुढचं ‘अहो’ आपल्याला, असा त्यांचा साधा हिशेब. मोठ्यानं केलेलं मागणं तेवढं भिंतीपलीकडे जायचं. सकाळचे आभार कशाला जातील?

हसू ओसरायच्या आत आजीचा आवाज पुन्हा आला. पण या वेळी जरा खालच्या पट्टीत.

‘‘अहो, थोरल्याला घरी आणा. माझं काय चुकलं असेल तर ते सांगा, पण त्याला आणा.’’

आजोबांनी मान फिरवली. समोर पडलेली फळी ओढली, पॉलिशपेपर घेतला आणि खर्र खर्र घासायला लागले. फळी आधीच गुळगुळीत होती.

सुनेनं तोंडातली चादर काढली.

थोरला घर सोडून गेला त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. गेला म्हणजे फार लांब नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाला. खुर्च्या दुरुस्त करायच्या एका कारखान्यात काम करायचा आणि कारखान्याच्याच वरच्या खोलीत एकटाच राहायचा. आधी तो आजोबांच्या हाताखाली होता. एका गिऱ्हाइकाच्या घरी दार बसवायचं होतं. आजोबा म्हणाले, ‘‘बिजागरी उजवीकडे घे.’’ त्यानं घेतली. दार बसलं, उघडलं, आणि थेट कपाटावर आपटलं. आजोबांनी गिऱ्हाइकासमोर त्याला असं काही झापलं की गिऱ्हाईकच म्हणालं, जाऊ द्या हो. तो म्हणाला, तुम्हीच उजवीकडे म्हणालात. हे म्हणाले, उजवं-डावं कळत नाही तर हत्यार खाली ठेव. त्यानं ठेवलं. यांच्या तोंडून निघून गेलं, मग माझ्याही दारात पाय ठेवू नकोस. त्यानं नाही ठेवला. दोघंही शब्दाचे पक्के. घराण्यातच आहे ते.

दुसऱ्या दिवशी दुकानात आजी कुणाच्या तरी बाहीवरून इस्त्री फिरवत म्हणाली, ‘‘बघितलंस, नळ थांबला! देव सगळं ऐकतात गं माझं. एवढं एकच ऐकत नाहीत. म्हणजे माझ्याच हातून काहीतरी घडलंय.’’

‘‘काय घडणार आहे आई तुमच्या हातून?’’

‘‘तेच तर कळत नाही. साखर सोडून बघितली. मग चहाच सोडला.’’

‘‘म्हणून चहा सोडलात? तुम्ही तर म्हणाला होतात पित्त होतं!’’

‘‘देवाचं नाव घेऊन चहा सोडला म्हटलं तर तुम्ही सगळे मागे लागला असता, घ्या घ्या म्हणून.’’ आजीनं शर्ट उलटा केला. ‘‘आता ठरवलंय. बाकीचं काही मागायचंच नाही. म्हणतील, हिला नळही पाहिजे, कडीही पाहिजे आणि मुलगाही पाहिजे. एवढी हावरट बाई! गप्प बसून बघते.’’

आणि त्या संध्याकाळपासून आजी खरंच गप्प बसली. खुर्चीत बसायची, डोळे मिटायची, ओठ हलायचे, पण ‘अहो’ नाही. घराची पार रया गेली. कपाटाचं दार कुरकुरायला लागलं, जिन्याची एक पायरी हलायला लागली, कपडे वाळत घालायची काठी एका बाजूनं कलली. आजोबा टेबलाशी पेन्सिल कानावर खोचून बसून राहायचे. एकदा त्यांनी सुनेला हळूच विचारलं, ‘‘काय गं, तुझी सासू माझ्यावर रागावलीय का? हल्ली काही सांगतच नाही.’’

सुनेनं चार दिवस तोंडाला कुलूप लावून पाहिलं. आजीला सांगावं, तर तिचा देवच काढून घेतल्यासारखं होईल. न सांगावं, तर ही बाई चहा सोडून, मागणं सोडून, उद्या जेवणही सोडेल, आणि तेही स्वतःच्या नसलेल्या चुकीसाठी. पाचव्या दिवशी ती मागच्या खोलीत गेली. आजी खाली दुकानात होती.

‘‘बाबा, एक सांगू? ओरडणार नाही ना?’’

‘‘काय सांगतेस त्यावर.’’

‘‘आई संध्याकाळी जे ‘अहो, अहो’ करायच्या ना... ते तुम्हाला नव्हतं.’’

‘‘मग कुणाला? शेजाऱ्याला?’’

‘‘देवाला.’’

आजोबांनी रंधा खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. मग पुन्हा ठेवला.

‘‘खिडकीची कडी?’’

‘‘देवाला.’’

‘‘चष्म्याचा डबा? अगं, मखमल शोधत मी अख्खा बाजार पालथा घातला होता!’’

‘‘तोही देवाकडेच मागितला होता.’’

‘‘आणि माझं घोरणं जरा कमी करा म्हणाली होती, तेव्हापासून मी कुशीवर झोपतो, ते?’’

‘‘ते तुमच्याबद्दल होतं बाबा, पण सांगितलं देवाला.’’

आजोबांचा चेहरा असा झाला, जणू जन्मभर एका साहेबाकडे नोकरी केली आणि निवृत्तीच्या दिवशी कळलं, साहेब भलताच होता.

‘‘म्हणजे ह्या बाईनं मला आजवर काहीच सांगितलं नाही?’’

‘‘काहीच नाही.’’ सुनेनं दम घेतला. ‘‘भाऊजींचंही नाही. तुम्हाला वाटत होतं ना, ह्या रोज तुमच्यामागे लकडा लावतात? लकडा नव्हता तो. हात जोडून मागत होत्या. देव ऐकत नाही म्हणजे आपलंच चुकलं, असं धरून बसल्यात. चहा त्यासाठी सोडलाय. पित्त-बित्त काही नाही.’’

आजोबांनी कानावरची पेन्सिल काढली. ती उगाच बोटात फिरवली.

‘‘मी तेव्हा फळी घासायचो. तिला ऐकू जायचं?’’

‘‘जायचं. म्हणायच्या, किती काम करतात बिचारे.’’

हे मात्र आजोबांना लागलं. बायकोनं हुकूम सोडला असता तर त्यांनी तो आणखी दहा वर्षं धुडकावला असता, तेवढा दम त्यांच्यात होता. पण न सोडलेला हुकूम धुडकावायचा कसा?

‘‘तिला सांगणार आहेस हे?’’

‘‘मी नाही बाई. तुम्ही सांगणार?’’

‘‘मी कशाला देवाच्या पोटावर पाय देऊ?’’ आजोबा म्हणाले आणि खुंटीवरची टोपी काढली. ‘‘चल. मला त्याचा तो कारखाना माहीत नाही.’’

(आजीला हे शेवटपर्यंत कळलं नाही, असं धाकटा मुलगा म्हणतो. तिला पहिल्यापासून माहीत असणार, असं हेडमास्तर म्हणत, काय आहे ना, ती बाई जी आहे ना. आज ती नाही, त्यामुळे निकाल लागण्यासारखा नाही. सुनेचं मत विचाराल, तर आजीला कळलं असतं तरी ती एवढंच म्हणाली असती, ‘‘मग ह्यांना ऐकायला कान कोणी दिले?’’)

कारखाना म्हणजे एक लांबट खोली होती. छताला उलट्या टांगलेल्या खुर्च्या, जमिनीवर पायमोडक्या खुर्च्या, मधे लाकूड चिकटवायच्या शिजत्या सरसाचा वास. थोरला एका खुर्चीचं आसन विणत बसला होता. सुनेनं आधी त्याच्या अंगातला शर्ट पाहिला. जिच्या हातून सगळ्या गावाचे शर्ट जातात तिचा मुलगा, आणि शर्ट असा, की पिशवीच्या तळातून आत्ताच काढलाय.

त्यानं वर पाहिलं. सुनेकडे बघून हसणार होता, तेवढ्यात मागे आजोबा दिसले. हसू जागच्या जागी अडकलं.

‘‘आईनं पाठवलं ना?’’

हो म्हणायला किती सोपं होतं! इतकी वर्षं आजोबांनी सगळं त्याच नावावर केलं होतं.

‘‘नाही,’’ आजोबा म्हणाले. ‘‘तुझी आई मला काही सांगत नाही. माझा मीच आलोय.’’

थोरल्यानं वेताची पट्टी पुन्हा हातात घेतली.

‘‘ते दार,’’ आजोबा म्हणाले. टोपी काढून हातात घेतली, तरी बोलायला जड जात होतं. ‘‘मी आत उभा होतो.’’

‘‘आणि मी बाहेर.’’

‘‘तेच म्हणतोय. उजवं म्हणालो, ते माझं उजवं. तू तुझं उजवं धरलंस. तुझं बरोबर होतं. दार बसवणारा जिकडे उभा असतो, तिकडून मोजायचं असतं. हे मीच तुला शिकवलंय.’’

‘‘मग तेव्हाच का नाही बोललात?’’

‘‘तेव्हा गिऱ्हाईक समोर होतं.’’

‘‘आणि नंतर?’’

‘‘नंतर तू समोर नव्हतास.’’

थोरल्यानं हातातली वेताची पट्टी ओढून आसनात पक्की केली. त्याला वेळ लागला. मग उठून हात झटकले. ‘‘हे आसन उद्या द्यायचंय. मी फक्त भेटून येतो. बसणार-बिसणार नाही.’’

‘‘नको बसूस,’’ आजोबा घाईघाईनं म्हणाले.

तिघं दुकानाशी आले तेव्हा उन्हं उतरत होती. आजी टेबलामागे, समोर कुणाच्या तरी पडद्यांचा ढीग. तिनं वर पाहिलं. सुनेला वाटलं, आता रडेल, धावेल, निदान हातातली इस्त्री ठेवून दोन शब्द बोलेल. आजीनं मुलाला पायापासून वरपर्यंत पाहिलं. नजर गळ्याशी येऊन थांबली.

‘‘काढ तो शर्ट.’’

‘‘आई, अगं, मी लगेच...’’

‘‘काढ म्हणते ना. असली कॉलर घालून माझ्या दुकानासमोर उभा राहतोस? माझं गिऱ्हाईक पळेल.’’

त्यानं शर्ट काढला आणि बनियनवर उभा राहिला, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. आजीनं शर्ट चादरीवर पसरला. पाणी शिंपडलं. कॉलरवरून इस्त्री फिरवली. उलटली, पुन्हा फिरवली. एरवी एवढ्यात पूर्ण शर्ट हातात आला असता. आजीनं कॉलर उचलून उजेडाकडे धरली, नाक मुरडलं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

‘‘झाली की,’’ थोरला म्हणाला.

‘‘तुला काय कळतं त्यातलं? वर जा. हात धू. पायरी हलतेय, सांभाळून.’’

तो वर गेला. आजोबा त्याच्यामागून. थोड्या वेळानं जिन्यातून ठोकण्याचा आवाज आला, आणि दोघांचं बोलणं. ‘इकडून धर’, ‘कुठून इकडून?’, ‘तुझ्या इकडून, तुझ्या!’ आजी खांद्याची शिवण सोडत नव्हती. सून जवळ जाऊन हळूच म्हणाली, ‘‘आई, द्या, मी संपवते.’’

‘‘हात लावू नकोस,’’ आजी म्हणाली. ‘‘शर्ट माझ्याकडे आहे तोवर तो कुठे जातोय?’’

धाकटा ड्यूटीवरून आला. वर दादा बनियनवर बसून चहा पितोय हे बघून धडाधड खाली उतरला. ‘‘आई! दादा आलाय! त्याचा शर्ट कुठाय?’’

‘‘होतोय.’’

‘‘एका शर्टाला किती वेळ?’’

‘‘बाही राहिलीय.’’

वर ताटं मांडली गेली. थोरला आजोबांच्या शेजारी तसाच उघड्या खांद्यांनी जेवायला बसला. धाकट्यानं त्याची फिरकी घेतली, ‘‘काय पहिलवान, कुस्ती कधी?’’ आजोबा हसले आणि पाण्याचा तांब्या थोरल्याकडे सरकवला. खाली इस्त्रीचा ठक, ठक आवाज येतच होता. सून मधे एकदा हाक मारायला गेली, तर आजी पाठीवरची एक सुरकुती, जी तिनं स्वतःच बोटानं पाडली होती, ती काढत होती.

शेवटी थोरला जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभा राहिला. खाली वाकून बघितलं. आईच्या समोर त्याचा शर्ट होता, आणि त्या शर्टात आता इस्त्री करण्यासारखं काहीही उरलेलं नव्हतं.

‘‘राहू दे आई,’’ तो म्हणाला. ‘‘उद्या सकाळी दे.’’

आजीनं इस्त्रीची पिन भिंतीतून उपसली.